हळद पोत्यानं, तरी कॅप्सूल?

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात. दुकानदारानं 'नॅनो करक्युमिन'च्या महागड्या कॅप्सूल दिल्या. आम्ही सांगलीचे, हळद घरात पोत्यानं. मग हे कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद ढवळून ठेवा. थोड्या वेळानं तळाशी पिवळा गाळ दिसेल. करक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, पाण्यात विरघळतच नाही. आतड्यातून जे थोडंफार आत शिरतं, त्याचंही रूप शरीर झटपट बदलून ते बाहेर टाकतं. त्यात हळदीत ते जेमतेम 3 ते 5 टक्के! नॅनो प्रकारात त्याचे कण केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक करतात किंवा ते तेलाच्या सूक्ष्म थेंबांत बसवतात, म्हणून रक्तात जास्त पोचतं. (माझी आजी हळद तुपात परतून दुधात घालायची, नॅनो नव्हे, पण रोख तोच.) 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पिपेरिन जोडीला देऊन हे प्रमाण सुमारे 20 पट वाढवलं होतं.

पण रक्तात पोचलं म्हणजे गुडघा बरा झाला, असं नाही. जास्त पोचतं तेव्हा त्रासही पोचतो : 2019 मध्ये इटलीत हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आली. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर कॅप्सूलचं पाकीट आधी डॉक्टरांना दाखवा. आमटीतली हळद खुशाल चालू द्या.