आधी यशवंत पाध्ये

शब्दभ्रमकला, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याच्या तोंडून बोलायची कला, शिकायची म्हणतोस, तर रामदास पाध्येंपासून सुरुवात करशीलच. तात्या विंचू आणि लिज्जतचा ससा कोणाला माहीत नाही! पण अर्धवटराव या बाहुल्याला बोलतं केलं त्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्येंनी. माझ्या मते स्मरणाचा पहिला मान त्यांचा.

परदेशातला एडगर बर्गन अवश्य बघ. त्याचे ओठ उघड हलायचे, तरी १९३७ पासून रेडिओवर त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी गाजला. (रेडिओवर बाहुला! पण लोक ऐकायचे.) कारण चार्लीला स्वतःचा आगाऊ स्वभाव होता. प, ब, म ही ओष्ठ्य (ओठ मिटून उच्चारायची) अक्षरं त, द, न कडे झुकवून बोलायचा सराव चालू ठेव, पण बाहुल्याचा स्वभाव आधी ठरव. आणि तो बोलत असताना तू त्याच्याकडेच बघ.