कुंडीतल्या झाडालाही वाफसा लागतो

पहिल्यांदाच घरात रोपं आणलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मनीप्लांट सहसा मरत नाही असं ऐकून आणलं. दिवसाआड न चुकता पाणी घालते, तरी खालची पानं पिवळी पडून गळताहेत. खत कमी पडतंय का?

खताला आत्ता हात लावू नका. पाणी जास्त होतंय. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो कुंडीतही यावा लागतो : मातीत ओल आहे, पण कणांमधल्या पोकळीत हवाही खेळते आहे. मुळांनाही श्वासाला ऑक्सिजन लागतो. दिवसाआडच्या पाण्याने त्या पोकळ्या सतत भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्याचिंब मातीतलं झाडही तहानल्यासारखं मान टाकतं. ते बघून आपला जीव कळवळतो आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. नवख्यांची किती तरी झाडं अशी मायेपोटी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

वार बघून पाणी घालणं आजपासून बंद करा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. आत ओल लागली तर तसंच राहू द्या. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत भरपूर पाणी घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. पाणी घालण्याआधी आणि नंतर कुंडी उचलून बघत जा, महिन्याभरात वजनावरूनच अंदाज यायला लागतो.

तुमचं रोप एकदा कुंडीतून काढून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत असतं, चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण निसटून हातात येतं आणि मागे नुसता दोरा उरतो. अशी मुळं कापून टाका आणि रोप नव्या, भुसभुशीत मातीत लावा. सगळीच गेली असतील तरी वेल वाचतो. पानाच्या देठाजवळ खोडावर जे पेर असतं, त्याच्या जरा खाली कापा आणि पेर बुडेल इतक्या पाण्यात ठेवा. मुळं पेरातूनच फुटतात. नुसतं पान पाण्यात ठेवून नवा वेल होत नाही.

प्रश्न : खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे. तिथे काय जगेल?

दुपारी कोऱ्या कागदावर वीतभर उंचीवर हात धरा. पुसट का होईना, सावली पडली तर झेडझेड किंवा स्नेक प्लांट आणा. सावली दिसतच नसेल तर दिवसाचे दहा-बारा तास एलईडी दिवा लावावा लागेल, नाहीतर त्या जागी झाड नको.

झेडझेड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. मातीखाली त्याला छोट्या बटाट्यांसारखे कंद असतात आणि त्यांत पाण्याचा साठा असतो. स्नेक प्लांट पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे उन्हाच्या वेळी त्याचं पाणी उडून जात नाही. दोन्ही कमी उजेडात तग धरतात, मात्र तिथे वाढ अगदी सावकाश होते. उजेड कमी म्हणजे झाडाचं पाणी पिणंही कमी, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यातली कुंडी पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच पाणी घाला. याला तीन-चार आठवडेही लागू शकतात.

प्रश्न : निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडी घालावी का?

नको. माती आपल्यातलं पाणी खडीत सहज सोडत नाही. खडीच्या थोडं वर ओलाचिंब थर तसाच राहतो, उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. खडीऐवजी मातीतच परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) किंवा जाडसर वाळू मिसळा. तळाला भोक मात्र हवंच.

प्रश्न : घरात मांजर आहे आणि ती सगळं चावून बघते.

मग मनीप्लांट, झेडझेड, पीस लिली तिच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्या होतात. स्नेक प्लांटनेही पोट बिघडतं. स्पायडर प्लांट, अरेका पाम आणि बॉस्टन फर्न निर्धास्त ठेवा. एक गोष्ट कळकळीने सांगते : पुष्पगुच्छात येणारी खरी लिली घरात आणूच नका. तिचे परागकण चाटले तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तसं झाल्याची शंका जरी आली, तरी लगेच पशुवैद्यांकडे न्या.

प्रश्न : झाडांनी खोलीतली हवा शुद्ध होते ना?

हा समज नासाच्या १९८९च्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांमध्ये झाले होते. अशा प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. खिडकी-दारांतून जेवढी हवा एरवी बदलते, तेवढ्या कामासाठी दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यात दिसलं. हवेसाठी खिडकी उघडा.

प्रश्न : पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं. दोन महिन्यांनी कोंब आला, पण नुसता हिरवा. काय चुकलं?

काहीच चुकलं नाही, उलट तुम्ही दोन महिने धीर धरलात याचं कौतुक वाटतं. त्या पानात दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. कापलेल्या पानाचा कोंब हिरव्या पेशींमधून फुटतो, म्हणून पिवळी कड पुढे येत नाही. ती हवी असेल तर मूळ झाडाच्या बुंध्याशी पिल्लू येण्याची वाट बघा. ते वीतभर झालं की मातीखालचा जोड धारदार सुरीने कापा, मुळांसकट सोडवा आणि काप सुकायला एक-दोन दिवस सावलीत ठेवून मग लावा. हिरवं पिल्लू टाकू नका, ते कमी उजेडात पिवळ्या कडांच्या झाडापेक्षा जोमाने वाढतं.