मेडिकल कौन्सिलमधली तक्रार फेटाळली गेली, तर डॉक्टरला वकिलाचा खर्च परत मिळतो का?

नाही मिळत. मीही त्याच आशेवर होतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तालुक्याच्या गावी माझं छोटं हॉस्पिटल आहे. एका पेशंटच्या नातेवाइकांनी राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, पुढे ती फेटाळली गेली. वकिलांना विचारलं, आता खर्चाचं काय? ते हसून म्हणाले, "डॉक्टर, हे कोर्ट नाही." कौन्सिल ताकीद देते, नाहीतर काही काळासाठी किंवा कायमचं रजिस्टरमधून नाव काढते. पेशंटला भरपाई देववणं तिच्या हातात नाही, तसा आपला खर्चही नाही. ग्राहक आयोगाचं वेगळं, २०१९च्या कायद्यात तिथे खर्च देवविण्याची सोय आहे.

वकील घ्यायलाच हवा असंही नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमावलीप्रमाणे म्हणणं स्वतः मांडता येतं किंवा वकिलामार्फत. माझं मत विचाराल तर सुनावणीपेक्षा पहिल्या लेखी उत्तरावर पैसे घाला, ते जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. माझ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडली ती आमच्या सिस्टरने केसपेपरवर लिहिलेली एक ओळ: "रात्री २.१० डॉक्टरांना फोन, २.२५ ला आले." त्या ओळीला एक पैसा लागला नव्हता! उलट, सुनावणीसाठी मुंबईला जायचं म्हणून ओपीडी बंद ठेवली त्या दिवसांचं नुकसान वकिलाच्या फीच्या वर गेलं.

आता इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे डॉक्टरचा व्यावसायिक विमा. ती मुळात पेशंटने मागितलेल्या भरपाईसाठी असते. कौन्सिलपुढच्या बचावाचा खर्च त्यात धरलाय का, हे पॉलिसीच्या कागदात शोधा. एजंटच्या "सगळं कव्हर आहे सर"वर जाऊ नका, ईमेलवर लेखी घ्या. नोटीस हातात पडली की आधी कंपनीला कळवा. आपणच वकील ठरवून मागाहून बिल पाठवलं की अडवतात. आणि घटना घडल्यापासून तक्रार येईपर्यंत पॉलिसीत खंड नको.

निर्णय विरोधात गेला तर दिल्लीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एथिक्स बोर्डाकडे अपील, तिथून ६० दिवसांत खुद्द त्या आयोगाकडे. तो खर्च आत्ताच मनात धरून ठेवा.

पावत्या जपा. माझ्या सीएने वकिलाची फी व्यवसायाच्या खर्चात धरली. दादरच्या वडापावची नाही धरली.