काम कंपनीचं, किराणा सरकारचा

प्रश्न : ताई, माझा भाचा अमेरिकेत शिकतो. तो सांगत होता की तिथे मोठमोठ्या स्टोअरमध्ये दिवसभर राबणारी माणसंसुद्धा सरकारी मदतीवर असतात, आणि तिथले सिनेटर बर्नी सँडर्स म्हणाले होते की हा खर्च त्या कंपन्यांकडूनच टॅक्स लावून वसूल करा. मला तर हे एकदम पटलं. मग पुढे काय झालं? कंपन्यांनी दाबलं का?

उत्तर : भाचा बरोबर बोलतोय, मी स्वतः बघितलंय. काही वर्षं मी तिकडे होते तेव्हा घराजवळच्या एका मोठ्या स्टोअरमध्ये (नाव नको) संध्याकाळी जायचे. तिथली एक कॅशियर बाई शिफ्ट संपली की कंपनीचं जाकीट काढून हातावर टाकायची आणि आत्तापर्यंत स्वतः ज्या काउंटरवर होती त्याच्याच शेजारच्या लायनीत उभी राहायची, दूध, ब्रेड, मुलांचं सीरियल, आणि पैसे द्यायची वेळ आली की पर्समधून ईबीटी कार्ड. म्हणजे फूड स्टॅम्पचं कार्ड, योजनेचं नाव आता स्नॅप आहे पण लोक अजून फूड स्टॅम्पच म्हणतात. आता बघा, पगार पुरत नाही म्हणून सरकारने पैसे घातले आणि ते फिरून त्याच कंपनीच्या गल्ल्यात गेले! डोकं फिरतंच, माझंही फिरलं होतं.

आणि ही एकटी बाई नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चावर नजर ठेवणारी जीएओ नावाची संस्था आहे, तिचा ऑक्टोबर २०२० चा रिपोर्ट सांगतो की स्नॅप किंवा मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या नोकरदारांपैकी साधारण ७० टक्के लोक आठवड्याला ३५ तास किंवा जास्त काम करत होते. ज्या राज्यांनी माहिती दिली तिथे अशा लोकांच्या मालकांमध्ये वॉलमार्ट आणि मॅकडोनाल्ड्स अगदी वरच्या नंबरात. अर्थात वॉलमार्ट हा तिथला सगळ्यात मोठा खासगी मालकच आहे, त्यामुळे कुठल्याही यादीत तो वर येणारच, हेही लक्षात ठेवा.

आता ते बिल. ५ सप्टेंबर २०१८ ला सँडर्सनी सिनेटमध्ये आणली ही भानगड, हाउसमध्ये खासदार रो खन्ना यांनी. नाव असं जुळवलेलं की आद्याक्षरांतून ‘स्टॉप बेझोस’ व्हावं, जेफ बेझोस म्हणजे अ‍ॅमेझॉनचे संस्थापक, तेव्हा रोख कोणावर ते सांगायला नको. ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेली कंपनी, तिच्या कामगारांनी स्नॅप, मेडिकेड, घरभाड्याची मदत, मुलांचं शाळेतलं जेवण यातलं जे काही घेतलं असेल तेवढाच टॅक्स कंपनीवर, १०० टक्के, डॉलरला डॉलर. बिल पास झालं नाही, होणारही नव्हतं, दोन्ही सभागृहं तेव्हा रिपब्लिकनांकडे होती. पण गंमत अशी की महिना व्हायच्या आत, २ ऑक्टोबरला, अ‍ॅमेझॉनने जाहीर केलं की १ नोव्हेंबरपासून अमेरिकेतल्या सगळ्या कामगारांना तासाला किमान १५ डॉलर. (त्याच वेळी वेअरहाउसवाल्यांचे बोनस आणि शेअर बंद केले, ते मात्र बारीक अक्षरात.) बिलामुळेच वाढवले असं मी म्हणणार नाही, बेकारी तेव्हा ३.७ टक्क्यांवर होती, माणसं मिळत नव्हती, आणि दिवाळी म्हणा किंवा ख्रिसमस म्हणा, खरेदीचा सीझन तोंडावर होता. पण काठी उगारलेली होती हेही खरं. काठी म्हणून ते बिल झकास होतं, कायदा म्हणून मात्र झालं नाही हे बरं झालं असं माझं मत आहे.

प्रश्न : तुमचं मागच्या अंकातलं वाचूनच मी ओळखलं होतं की तुम्ही या टॅक्सच्या विरोधात असणार. टॅक्स म्हटला की श्रीमंत लोक लगेच ‘अहो गरिबांचंच नुकसान होईल’ म्हणतात. तुम्ही पण त्यातल्याच का?

उत्तर : चिडलात, चालेल. पण या बिलाला सगळ्यात सविस्तर विरोध कोणी केला माहितीये? सेंटर ऑन बजेट अँड पॉलिसी प्रायॉरिटीज या संस्थेने, जी वर्षानुवर्षं फूड स्टॅम्प आणि मेडिकेड वाचवायला भांडते. कंपन्यांची बाजू घ्यायचं तिला काही कारण नव्हतं. तिचं म्हणणं काय ते मी माझ्या पद्धतीने सांगते, कागद पेन्सिल घ्या.

२०१८ सालचा हिशेब धरा. तासाला ११ डॉलर, वॉलमार्टने त्याच वर्षी सुरुवातीचा पगार एवढा केला होता. आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, झाले २२,८८० डॉलर. आता एकाच काउंटरवर दोन जणी आहेत समजा. एक एकटी राहते. स्नॅपची उत्पन्नाची साधारण मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३० टक्के, एकट्या माणसाला ती वर्षाला १५,८०० च्या आसपास, म्हणजे हिला काही मिळत नाही. दुसरी दोन मुलांची आई, तिघांच्या घराला मर्यादा २७,००० च्या आसपास, म्हणजे ती बसते. पगार तोच, काम तेच, तास तेवढेच, पण पहिलीवर टॅक्स शून्य आणि दुसरीवर हजारोंनी. कंपनीने दुसरीला कमी दिलं म्हणून नव्हे हो, तिला मुलं आहेत म्हणून!

मग मॅनेजर कोणाला ठेवेल? बिलात लिहिलं होतं की कामगाराला मदतीबद्दल विचारायचं नाही, पण विचारायची गरज कोणाला आहे? मोबाइलवर मुलांचा फोटो असतो, मुलाखतीत बाई म्हणते शनिवारी जमणार नाही, बाळाला बघायला कोणी नाही, झालं, कळलं. आणि ती कामावर लागली तरी अर्ज करताना दहा वेळा विचार करेल की आपल्यामुळे कंपनीला बिल जाणार, मग आपले तास कमी होणार. तिच्या मुलांचं दूधच तोडायचं झालं ना हे.

बरं, पगार वाढवला तरी सुटका होईलच असं नाही. १५ डॉलरने वर्षाचे ३१,२०० होतात आणि चौघांच्या घराची स्नॅपची मर्यादा तेव्हा ३२,६०० च्या घरात होती. म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ज्या पगाराला सँडर्सनी शाबासकी दिली त्या पगारातही घरात एकटाच कमावता असेल तर टॅक्स चालूच. उलट टेक्साससारख्या राज्यात, जिथे गरीब प्रौढांना मेडिकेड फारसं मिळतच नाही, तिथे तोच मालक तोच पगार देऊन कॅलिफोर्नियापेक्षा कमी टॅक्स भरणार. राज्य जितकं कंजूष तितका मालक खूष. उद्या या कंपन्या मदतच कमी करा म्हणून लॉबिंग करत फिरल्या असत्या, आणि त्यांना ते चांगलं जमतं.

प्रश्न : पण मदत म्हणजे कंपन्यांना सबसिडीच झाली ना? मग मदतच बंद केली तर त्यांना पगार वाढवावा लागेल की.

उत्तर : नाही लागणार. घरात दाणा नसलेला माणूस मिळेल ते काम मिळेल त्या पगारात घेतो, ज्याच्या पोटात चार घास आहेत तोच ‘एवढ्यात नाही परवडत’ म्हणू शकतो. त्यामुळे फूड स्टॅम्प आणि मेडिकेडने पगार खाली येतो असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. ‘सबसिडी’ हा शब्द खरा लागू पडतो तो ईआयटीसीला, कमी कमावणाऱ्यांना टॅक्सच्या हिशेबातून पैसे देणारी १९७५ पासूनची योजना, ती काम करणाऱ्यालाच मिळते, त्यामुळे कमी पगाराच्या कामाला जास्त लोक येतात आणि त्यातला काही हिस्सा मालकाच्या खिशात सरकतो असं जेसी रॉथस्टीनसारख्या अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय. आणि सँडर्सच्या बिलात नेमकी तीच नव्हती! बर्कली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये नोकरदार कुटुंबांवरच्या सरकारी मदतीचा जो वर्षाला १५२.८ अब्ज डॉलरचा आकडा काढला होता आणि जो सगळे तोंडावर फेकतात, त्यात ईआयटीसी धरलेली आहे. आकडा फेकणाऱ्याला हे विचारून बघा एकदा.

प्रश्न : कुठल्या राज्याने असं काही करून बघितलं का?

उत्तर : दोन सांगते. मेरीलँडने २००६ मध्ये कायदा केला, १०,००० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर पगाराच्या ८ टक्के आरोग्यावर खर्च करा नाहीतर फरक सरकारला भरा. प्रत्यक्षात फास फक्त वॉलमार्टच्या गळ्यात बसत होता. कोर्टाने उडवला, कारण कामगारांच्या बेनिफिट प्लॅनबद्दल १९७४ चा एरिसा हा केंद्राचा कायदा आहे, त्यात राज्यांना ढवळाढवळ करता येत नाही. दुसरं मॅसॅच्युसेट्स, २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं. कामगाराने सरकारी विमा घेतला की मालकाने त्याच्या पगाराच्या ५ टक्के भरायचे, जास्तीत जास्त ७५० डॉलर. पण अट पाचपेक्षा जास्त कामगारांची, त्यामुळे नुसत्या अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या कंपन्याच नाहीत, छोट्या धंदेवाल्यांनाही बिलं गेली. मुदत संपली, बंद झालं.

प्रश्न : टीका सोपी असते. तुम्ही काय केलं असतं?

उत्तर : मीटर पगाराला लावला असता, कामगाराच्या गरिबीला नाही. केंद्राचं किमान वेतन २४ जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकून पडलंय, पहिलं ते हलवा. ते नसेल जमत तर २०२१ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी सुचवलं होतं तसं करा, मोठ्या कंपनीतल्या कोणालाही ठरावीक पगारापेक्षा कमी मिळत असेल तर तिच्या एकूण पगारखर्चावर ५ टक्के दंड. यात घरात किती मुलं, कोण काय मदत घेतं, काही विचारायचं कारण नाही, फक्त पगाराचं रजिस्टर बघायचं. तो प्रस्ताव काही दिवसांतच गुंडाळला गेला, पण दिशा बरोबर होती.

दुसरं म्हणजे तास, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. आरोग्य विम्याच्या कायद्यात आठवड्याला ३० तास म्हणजे फुल टाइम, आणि फुल टाइमवाल्यांच्या विम्याचा भार मोठ्या मालकावर येतो, मग २८-२९ तासांवर रोस्टर अडवून ठेवायचा मोह कोणाला होतो ते सांगायला नको. १५ डॉलर तासाला, पण तासच २० दिले तर काय खायचं? त्यात २०२५ च्या कायद्याने मेडिकेड घेणाऱ्या बऱ्याच प्रौढांना महिन्याला ८० तास कामाचा पुरावा द्यावा लागणार आहे, जानेवारी २०२७ पासून. तास ठरवणार मॅनेजर आणि विमा जाणार कामगाराचा. जबाबदारी टाकायचीच तर इथे मालकावर टाका, तास कापले तर तसं लेखी द्यायला लावा त्याला.

प्रश्न : माझ्या दिराकडे सात वर्षं ग्रीन कार्ड आहे, न्यू जर्सीला एका मोठ्या स्टोअरमध्ये आहेत, घरात दोन मुलं. स्नॅपचा अर्ज केला तर कंपनीला भुर्दंड पडेल आणि नोकरी जाईल या भीतीने करत नाहीत. काय सांगू?

उत्तर : सांगा की ते बिल कायदा झालंच नाही, कंपनीला एक सेंटही पडत नाही. ग्रीन कार्डवाल्या प्रौढांना साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं, ती उलटून गेलीयेत, मुलांना तर ती अटच नाही. उत्पन्नाच्या पुराव्याला पगाराच्या स्लिपा बहुतेक वेळा चालतात, म्हणून गेल्या महिनाभराच्या सगळ्या नीट लावून ठेवा, एखादी हरवली असेल तर कंपनीच्या पोर्टलवरून काढा. तास कमी-जास्त होत असतील तर ते अर्जात लिहा, नाहीतर एका चांगल्या आठवड्यावरून सगळा हिशेब धरला जाऊ शकतो. काउंटीच्या ऑफिसात जा किंवा ऑनलाइन भरा, आणि नाही म्हणाले तर अपील करता येतं, त्याची मुदत पत्रातच लिहिलेली असते, ते पत्र फेकू नका.