डिलिव्हरी चार्ज ० टाकला तरी बिलात ४० का येतात?

तुमच्या जावास्क्रिप्ट कोडमधली ओळ आहे: चार्ज || ४०. म्हणजे डावीकडं काही नसेल तर उजवीकडचे ४० घ्या. गोची तिथंच आहे. || ला शून्य, रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर), फॉल्स (खोटं) सगळं सारखंच, म्हणजे 'काही नाही'. बेळगावात टिळकवाडीतल्या गिऱ्हाईकाला कुंदा (मिठाई) फुकट पोचवायचा म्हणून ० टाकलात, की तो उडतो आणि ४० बसतात.

त्याऐवजी चार्ज ?? ४० लिहा. हा फक्त नल (मुद्दाम रिकामं ठेवलेलं) आणि अनडिफाइन्डला (किंमत दिलेलीच नाही) पर्याय देतो, शून्याला हात लावत नाही. ?? जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून आहे. || आणि ?? एकत्र वापरलेत तर कंस घाला, नाहीतर सिंटॅक्स एरर, म्हणजे कोड चालतच नाही.

मात्र फॉर्ममधला कोरा रकाना म्हणजे नल नव्हे, रिकामी स्ट्रिंग. तिथं ?? गप्प बसतो. खानापूरकडच्या पत्त्यांत आमचा पिनकोड असाच कोरा छापला जायचा. शेवटी तिथं || च ठेवला.