डोंगरावर हवा शुद्धच असते, मग तिथं काय मोजतात? आणि ढगांच्या अभ्यासात करिअर होतं का?

तुम्ही बी.एस्सी. फिजिक्सला आहात, ढगांवर काम करायचंय आणि घरचे वरचा प्रश्न विचारतात. मी याच क्षेत्रात आहे, म्हणून आधी घरच्यांना उत्तर देते.

डोंगरमाथ्यावरची हवा दिवसभर एकच नसते. उन्हाळ्यात जमीन तापते, तसा जमिनीलगतचा हवेचा थर फुगत जातो आणि दुपारी माथ्याच्याही वर चढतो. खालच्या गावांतला चुलींचा नि गाड्यांचा धूर, धूळ, वणव्याची काजळी सगळं त्याच्यासोबत वर येतं. रात्री तो थर खाली बसतो, माथा त्याच्याबाहेर राहतो. म्हणजे जागा न सोडता दोन वेगळ्या हवा मोजता येतात.

पावसाळ्यात तर ढगच दारात येतो. महाबळेश्वरला साधारण 1350 मीटर उंचीवर पुण्याच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) ढगांवरची प्रयोगशाळा 2012 पासून आहे, ती यासाठीच. एरवी ढगात शिरायला विमान लागतं. वाफेला थेंब व्हायला टेकायला काहीतरी लागतं: समुद्री मीठ, सल्फेट, धूर. असे कण असले की आर्द्रता 100 टक्क्यांच्या जेमतेम वर गेली तरी थेंब धरतो; नसतील तर ती कित्येक पट लागेल. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात आणि एकमेकांवर आदळून मोठे व्हायला वेळ लागतो. पावसाच्या एका थेंबाला ढगातले सुमारे 10 लाख थेंब लागतात! पण अरबी समुद्रावरून येणारे मिठाचे मोठे कण नेमकं उलटं काम करतात. म्हणून ‘प्रदूषणाने पाऊस घटतो’ असं कोणी एका वाक्यात सांगितलं, तर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आता करिअर. एम.एस्सी. फिजिक्स किंवा वातावरणशास्त्र (पुणे विद्यापीठात विभाग आहे), मग नेट किंवा गेट, मग पीएच.डी. पायथॉन आत्तापासून शिका. रोजच्या कामात ढग कमी आणि पंप, फिल्टर, ओल धरलेल्या नळ्या जास्त. कायमच्या जागा थोड्या, पीएच.डी.नंतर काही वर्षं प्रकल्पावरच्या कंत्राटी नोकरीत जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा. एम.एस्सी.चा प्रकल्प मात्र उपकरणावरच घ्या, तयार डेटावर नको. भर पावसात बंद पडलेला पंप उघडायचा कंटाळा येतो की नाही, ते तिथंच कळेल.