परग्रहावरची घटका कशी ठरवावी?

प्रश्न : माझ्या विज्ञानकथेतील ग्रहाचा दिवस आपल्या तीस तासांएवढा आहे. तेथील तासाला मी एक नवे नाव दिले आहे आणि मिनिटाला दुसरे. एवढे पुरेसे आहे का?

नाही. नाव बदलले तरी मोजमाप जुनेच राहते, आणि वाचक प्रत्येक वेळी मनात त्याचे तास करून घेतो. एकक कशातून जन्मते, हे आपल्याच भाषेत पाहावे. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या वाटीची आठवण करून देतो. वेळ झाल्याचे गावाला कळावे म्हणून धातूची जी थाळी वाजवीत तिचे नाव तास, आणि ‘घटका गेली, पळे गेली, तास वाजे झणाणा’ या ओळीत तास झणाणतो तो त्यामुळेच. म्हणून नाव शोधण्याआधी तुमच्या ग्रहावर वेळ कोण राखतो, कशाने मोजतो आणि इतरांना कसा कळवतो, हे ठरवा. ते ठरले की नाव बहुधा आपणहून सुचते.

प्रश्न : प्रगत समाजाने दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करणे अधिक शास्त्रीय नाही का?

हा प्रयोग फ्रान्समध्ये झालेला आहे. क्रांतीनंतर १७९३ साली दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि मिनिटाचे १०० सेकंद असा कायदा झाला. त्यांचा एक तास आपल्या १४४ मिनिटांचा, म्हणजे बरोबर सहा घटकांचा होता. १७९५ मध्येच त्याची सक्ती उठली. घरोघरची घड्याळे निरुपयोगी ठरत होती. शिवाय त्याच सुधारणेत आठवडा दहा दिवसांचा झाल्याने विश्रांतीचा दिवस सातव्याऐवजी दहाव्या दिवशी येऊ लागला होता. साठाचे निम्मे, तिसरा हिस्सा, पाव आणि पाचवा हिस्सा असे सगळे भाग पूर्णांकात पडतात, ही सोयही दहात नाही. दशमान काळ जरूर वापरा. मात्र तो कोणी लादला आणि जुना काळ लपूनछपून कोण पाळतो, हे कथेत येऊ द्या.

प्रश्न : माझ्या ग्रहाची एकच बाजू सदैव सूर्याकडे असते. दिवस-रात्रच नसेल तर काळ मोजायचा कशावर?

आलेल्या प्रश्नांतला हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे २०१७ साली जाहीर झाले. ते ताऱ्याच्या इतके जवळ आहेत की त्यांची एकच बाजू ताऱ्याकडे राहत असावी. अशा ग्रहावर सूर्य आकाशात खिळलेला असेल, पण शेजारचे ग्रह हलतील : आतले सूर्याच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे घेतील, आणि बाहेरचे काळोख्या बाजूच्या आकाशातून सरकत जातील. त्यांच्या गतींत ठेकाही आहे. सर्वांत आतल्या ग्रहाच्या आठ फेऱ्या होतात तेव्हा दुसऱ्याच्या जवळजवळ पाच होतात. या ठेक्यावर अख्खे पंचांग उभे राहू शकते.

एकके समान लांबीची असलीच पाहिजेत, असेही नाही. आपली तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्याचा अवधी. तो कधी १९ तासांच्या आसपास, तर कधी २६ पर्यंत जातो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगळ्या छापलेल्या असतात, आणि उपवास करणारी आजी आपल्या गावाची वेळ पाहून ताट वाढते. या असमान काळाचा तिला कधी गोंधळ होत नाही. तुमच्या ग्रहावरची भट्टीवाली बाई शेजारच्या ग्रहाकडे बोट दाखवून मुलाला ‘तांबडी बहीण डोंगराआड जाईपर्यंत जाळ विझू देऊ नकोस’ असे म्हणाली, तर वाचकाला एकही आकडा सांगावा लागणार नाही.

प्रश्न : पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणाऱ्या यानात आकाशाचाही आधार नाही. तेथे काय?

तेथे सेकंद उपयोगी पडतो, कारण १९६७ पासून त्याची व्याख्या सीझियमच्या अणूवर आधारलेली आहे, पृथ्वीच्या फिरण्यावर नाही. हजार सेकंद म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद, दहा लाख म्हणजे साडेअकरा दिवसांहून थोडे अधिक आणि शंभर कोटी म्हणजे ३१ वर्षे आठ महिने. शेवटचा आकडा एका पिढीसाठी चपखल आहे. माणसाची झोप मात्र विसरू नका. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा असतो. २००४ साली तेथे उतरलेल्या दोन बग्ग्यांचे पृथ्वीवरील चालक मंगळाच्या वेळेने कामावर येत : आज सकाळी दहाला, तर उद्या दहा चाळीसला, आणि अठरा-एकोणीस दिवसांनी रात्री दहाला. त्यांच्यासाठी संथ चालणारी घड्याळे घडवली गेली. मंगळाच्या दिवसाला ते ‘सोल’ या वेगळ्या नावाने ओळखत; तास आणि मिनिटे मात्र थोडी ताणून जुन्याच नावांनी ठेवली.

प्रश्न : असे किती नवे शब्द वापरावेत?

दोन, फार तर तीन. आणि त्यांतला एक झिजलेला असावा. दुपार हा शब्द द्विप्रहरावरून आला. आज प्रहर कोणी मोजत नाही, तरी दुपारचे जेवण दुपारीच होते. तुमच्या यानातही असा एखादा शब्द सर्वांच्या तोंडी असू द्या, ज्याचे मूळ त्यांच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.